गरनाळ्यात अडकलेला ट्रक कोणाचा?

रेल्वेच्या गरनाळ्यात ट्रक अडकला की तिथे दोन प्रकारची माणसे जमतात, हसणारी आणि सल्ला देणारी. चाकांतली हवा काढा, मागे घ्या, वरची पोती उतरवा, असे सल्ले चहूबाजूंनी मिळतात. दोन-तीन तासांनी ट्रक निघतो, खोळंबलेली वाहने सुटतात आणि चालकाला दोन शिव्या देऊन सगळे आपापल्या वाटेने जातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो आणि त्याखाली 'चालकाचा निष्काळजीपणा' एवढेच शब्द असतात. चालक चुकला हे बहुतेक वेळा खरेच असते. पण त्याच जागी काही महिन्यांनी दुसरा चालक चुकतो, मग तिसरा. एकाच ठिकाणी दहा निरनिराळी माणसे तीच चूक करीत असतील, तर दोष त्या दहाजणांचाच की त्या जागेचाही, हा प्रश्न आता विचारायला हवा.

सभासद बंधुभगिनींनो, बडोद्याची रचना आपणास नव्याने सांगायला नको. मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग शहराच्या मधून जातो. त्याच्या पूर्वेला रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी ही आपली जुनी वस्ती. पश्चिमेला अलकापुरी आणि त्यापुढे पसरलेले नवे शहर. इकडून तिकडे जायचे तर उड्डाणपूल, नाहीतर गरनाळे. जुन्या शहरात लहेरीपुरा, चांपानेर, पाणीगेट, गेंडीगेट या दरवाजांच्या कमानी आहेत. कशाच्या ना कशाच्या खालून गेल्याशिवाय आपला दिवस पुरा होत नाही. अलकापुरीचे गरनाळे पावसाळ्यात पाण्याने भरते, त्यावर आपण दरवर्षी बोलतो, पत्रे लिहितो. उंचीच्या प्रश्नावर मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही, कारण त्यात आपले काही जात नाही असे आपल्याला वाटते.

९ जुलै २०२५ रोजी पादरा तालुक्यात महिसागर नदीवरचा गंभीरा पूल कोसळला. १९८५ साली खुला झालेला हा पूल चाळीस वर्षांत गेला आणि त्याबरोबर अनेक माणसे गेली. त्यानंतर राज्यभर पुलांची तपासणी झाली आणि अनेक पुलांवर अवजड वाहनांना बंदी आली. अशी बंदी अमलात आणण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे रस्त्यावर आडवी लोखंडी कमान उभी करणे. तिलाच आपण हाइट बॅरियर म्हणतो. म्हणजे जिथे मुळात उंचीची अडचण नव्हती, तिथेही ही कमान येऊ शकते.

इथे एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. उंची म्हणजे वजन नव्हे. फोमच्या गाद्या भरलेला हलका टेम्पो कमानीला अडतो आणि वाळूने काठोकाठ भरलेला बुटका डंपर खालून निघून जातो. शिवाय त्याच कमानीपाशी अग्निशामक दलाचा बंब आणि एस.टी. बसही अडते. कमान हवी, पण ती कशासाठी आहे हे ठरवून बसवायला हवी. वजन रोखायचे असेल तर वजनकाटा आणि पोलीस लागतात. कमान बसवून दोन्ही कामे झाली असे मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू ट्रकची उंची पूर्वी ३.८ मीटर, म्हणजे साधारण साडेबारा फूट, इतकीच चालत असे. २०२० च्या दुरुस्तीने ती ४ मीटर झाली, म्हणजे तेरा फूट एक इंच. डबलडेकर बसला ४.७५ मीटरपर्यंत मुभा आहे. नव्या रस्त्यांवरील पुलांखाली ग्रामीण भागात किमान ५ मीटर आणि शहरात ५.५ मीटर मोकळी उंची असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक फार पूर्वीपासून आहे. म्हणजे नव्या पुलाखालून नियमातला ट्रक सहज जातो. अडचण जुन्या बांधकामांची आहे. बैलगाडी, टांगा आणि फार तर लहान मोटार डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली गरनाळी आजही रस्त्यात उभी आहेत. ती पाडता येत नाहीत, कारण वरून रेल्वे धावते. रस्ता खोल करावा तर पाणी साचते. मग त्यांच्याबरोबर जपून नांदायचे, एवढाच मार्ग उरतो.

उंचीहून अधिक माल भरला तर दंडही कमी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये यासाठी वीस हजार रुपये दंड आहे, आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. तरीही अपघात होतात. कारण ज्याने दंड भरायचा त्याला आपली उंची किती आहे हेच पुष्कळदा ठाऊक नसते.

ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. चालकाला गाडीची उंची माहीत असते, भरलेल्या मालाची नसते. कापसाच्या गाठी, भुशाची पोती, घरसामान हमालांनी रचलेले असते आणि त्यावर ताडपत्री बांधलेली असते. वर किती फूट गेले ते कोणी टेप लावून पाहत नाही. दुसरे म्हणजे, माल उतरवला की स्प्रिंगा सैल होऊन रिकामी गाडी काही सेंटिमीटर वर उठते. म्हणून जाताना खालून गेलेली उंच बांधणीची गाडी परत येताना घासते, आणि "सकाळी तर गेलो होतो" असे चालक शपथेवर सांगतो. तो खोटे बोलत नसतो. तिसरे कारण डंपरचे. माल ओतल्यावर मागचा हौदा खाली न घेता गाडी पुढे दामटली जाते आणि हौदा पुलाला जाऊन भिडतो.

चौथे कारण खुद्द गरनाळ्याच्या आकारात आहे. गरनाळ्याचा रस्ता मध्ये खोलगट असतो. लांब ट्रेलरची पुढची चाके उतारावर पुढे आणि मागची चाके मागे असली, की मधला भाग त्या खोलगट जागेच्या वर तरंगतो. पाटीवर लिहिलेली उंची सरळ उभ्या टेपने मोजलेली असते, पण लांब गाडीला मिळणारी उंची तिच्यापेक्षा कमी असते. दगडी कमानीखाली तर मध्ये एक उंची आणि कडेला दुसरी. समोरून वाहन आले म्हणून चालकाने गाडी डावीकडे घेतली की टपाचा कोपरा कमानीला लागतो.

पाचवे कारण सर्वांत साधे आणि आपल्या कारभारावर बोट ठेवणारे आहे. दर दोन-चार वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो. जुना थर खरवडून काढला नाही तर प्रत्येक वेळी रस्ता चार-पाच सेंटिमीटर वर येतो. तीन वेळा असे झाले की पुलाखालची उंची अर्ध्या फुटाने घटते. पाटीवरचा आकडा मात्र तोच राहतो, कारण रस्ता करणारे खाते वेगळे आणि पाटी रंगवणारे वेगळे. पाटी वाचून, आकडा जुळवून, नियमात राहून जाणारा चालकही मग आदळतो. त्याच्या निष्काळजीपणाची बातमी छापून येते, डांबराच्या थराची येत नाही.

मोठा माल परवानगी काढून, मार्ग ठरवून नेला जातो, तरीही गफलत होते. डिसेंबर २०२३ मध्ये बिहारमधील मोतिहारीजवळ पिपराकोठी येथे भंगारात निघालेल्या विमानाचा सांगाडा ट्रेलरवरून नेताना पुलाखाली अडकला. शेवटी टायरची हवा काढूनच तो सुटला. देशभर लोक त्यावर हसले. मुंबईहून आसामपर्यंतचा मार्ग ठरवताना वाटेतला एक पूल मोजायचा राहून गेला, हे मात्र हसण्यासारखे नव्हते.

हा प्रश्न केवळ आपल्या देशातला नाही. श्रीमंत देशांनीही यात हात पोळून घेतले आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातील डरहॅम गावी एक रेल्वेपूल आहे. त्याखालची उंची होती ११ फूट ८ इंच, म्हणजे जेमतेम ३.५६ मीटर. जवळच्या एका कार्यालयात काम करणाऱ्या गृहस्थाने २००८ साली तिथे कॅमेरा लावला आणि पुढच्या अकरा वर्षांत शंभराहून अधिक ट्रक त्या पुलावर आदळताना टिपले. पाट्या नव्हत्या असे नाही. पाट्या होत्या, चमकणारे दिवे होते, पुलाच्या अलीकडे लोखंडी तुळई होती. तुळईने पूल वाचवला, ट्रक नाही वाचवले. २०१६ साली तिथे नवी व्यवस्था केली. उंच वाहन आले की यंत्राला कळते, सिग्नल लाल होतो आणि "तुमचे वाहन उंच आहे, वळा" असा फलक पेटतो. तरी ट्रक आदळतच राहिले. रस्ता खाली न्यावा तर खालून गावाची मुख्य गटारवाहिनी जाते. अखेर २०१९ साली रेल्वेनेच पूल आठ इंच उचलला. आता उंची १२ फूट ४ इंच आहे. धडका कमी झाल्या, थांबल्या नाहीत.

ब्रिटनमध्ये रेल्वेपुलांना वाहने धडकण्याच्या घटना अलीकडच्या काळात वर्षाला दीड हजार ते अठराशेच्या घरात आहेत. तिथे प्रत्येक पुलाला क्रमांक असतो आणि त्यावर रेल्वेचा फोन क्रमांक लिहिलेला असतो. धडक झाली की कोणीही फोन करावा, पूल तपासून होईपर्यंत गाड्या थांबवाव्यात किंवा सावकाश सोडाव्यात, अशी रीत आहे. कारण धडकेने तुळई जागची हलली तर वरचा रूळ वाकडा होतो, आणि पुढच्या गाडीत शेकडो माणसे असतात. ऑस्ट्रेलियात सिडनी बंदराखालच्या बोगद्यापाशी तर वेगळीच युक्ती आहे. दिवे आणि फलक यांना न जुमानता उंच ट्रक पुढे आलाच, तर बोगद्याच्या तोंडावर वरून पाण्याचा पडदा सोडतात आणि त्यावर प्रकाशाने भला मोठा लाल 'थांबा' उमटवतात. खांबावरच्या दिव्याकडे दुर्लक्ष करणारा चालकही अंगावर येणारी लाल भिंत पाहून ब्रेक दाबतो. पाण्याला धडकून कोणाचे नुकसानही होत नाही.

या उदाहरणांतून एकच गोष्ट निघते. केवळ पाटी ट्रक थांबवत नाही. चालकाला त्याची उंची जास्त आहे हे अंगाला लागेल असे कळले पाहिजे, आणि ते अशा जागी कळले पाहिजे की जिथून त्याला अजून वळता येते. पुलाच्या तोंडाशी दिलेली सूचना म्हणजे वराती मागून घोडे. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने येणारा भरलेला ट्रक, चालकाने पाहिल्यापासून थांबेपर्यंत, सहज पस्तीस-चाळीस मीटर जातो. तो थांबला तरी मागे रांग लागलेली, बाजूला भिंत. मागे घेणे अशक्य, म्हणून "जाईल, जाईल" म्हणत तो हळूहळू पुढे घालतो. आपल्याकडच्या निम्म्या घटना अशाच घडत असाव्यात.

आता हिशेबाकडे वळू. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीची नावे-जमा पाहायची सवय असते. ट्रक अडकला तर ट्रकमालकाचा टप फाटला, व्यापाऱ्याचा माल भिजला, पोलिसांचे चार तास गेले, रेल्वेच्या गाड्या खोळंबल्या, हजारभर लोकांचा कामाचा वेळ गेला, एखादी रुग्णवाहिका अडली. पैकी ट्रकमालकाच्या वहीत फक्त पहिली नोंद होते. विम्याची गोष्ट घ्या. व्यापारी वाहनाच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा सर्वसाधारणपणे साडेसात लाख रुपये असते. रेल्वेपुलाची तुळई आणि अडलेल्या गाड्या यांचा खर्च त्यात कुठे बसायचा? उरलेले नुकसान सर्वांच्या माथी थोडे थोडे पडते आणि म्हणून ते कोणाच्याच खात्यावर दिसत नाही. ज्या खर्चाला खाते नाही तो कमी करायला कोणी धावत नाही.

जबाबदारीचेही तेच. पूल रेल्वेचा. रस्ता महानगरपालिकेचा. ट्रक वाहतूकदाराचा. माल व्यापाऱ्याचा. दंड करणार पोलीस. कमान कोणी बसवली याचा पत्ता नाही, आणि ती वाकली तर सरळ कोणी करायची याचाही नाही. पाचजणांची म्हैस चाऱ्यावाचून मेली, अशातली गत. म्हणून आमच्या मते गरनाळ्यात अडकलेला ट्रक ज्याच्या नावावर आहे त्याचा तर आहेच, पण तितकाच तो या सगळ्यांचा आहे, आणि निवडणुकीला मते मागणाऱ्यांचाही आहे.

तक्रार करून थांबणे हे आपल्या मंडळाच्या परंपरेला धरून नाही. म्हणून काही ठोस मागण्या मांडतो.

पहिली, शहरातील प्रत्येक गरनाळे, कमान आणि पूल यांची मोकळी उंची सर्वांत कमी जागी मोजावी, आणि रस्त्यावर नवा थर पडला की ती पुन्हा मोजावी. पाटीवर उंचीबरोबर मोजणीची तारीख लिहावी. औषधाच्या बाटलीवर तारीख असते, तर पुलाच्या पाटीवर का नसावी?

दुसरी, आकडा मीटर आणि फूट-इंच दोन्हींत असावा, गुजराती आणि हिंदी दोन्ही लिप्यांत असावा. आपल्या रस्त्यांवर राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्र सगळीकडचे ट्रक येतात. बॉडी बांधणारा मिस्त्री फुटांत बोलतो आणि परवाना मीटरमध्ये असतो.

तिसरी, पहिली सूचना पुलापाशी नव्हे, तर त्याआधीच्या शेवटच्या वळणापूर्वी असावी. तिथे पुलाइतक्याच उंचीवर साखळ्या किंवा रबरी पट्ट्या टांगाव्यात. उंच वाहनाच्या टपावर त्या खडखडल्या की चालकाला समजते, आणि नुकसान काही होत नाही. लोखंडी कमान त्यानंतर, पुलाच्या अलीकडे. आधी आवाज, मग वळायला जागा, मग लोखंड, हा क्रम उलटा झाला तर कमान स्वतःच सापळा होते.

चौथी, प्रत्येक धडकेची नोंद ठेवावी. तारीख, वेळ, वाहनाचा प्रकार, माल आणि उंची. पाच वर्षांची अशी वही समोर असेल तर कोणत्या जागी पैसे खर्च करायचे हे सांगायला तज्ज्ञ लागणार नाही. अशी वही आहे काय, हे माहितीच्या अधिकाराखाली रेल्वेला आणि महानगरपालिकेला विचारता येते. अर्जाचे शुल्क दहा-वीस रुपये आहे. आपल्या सभासदांपैकी निवृत्त मंडळींनी हे काम अंगावर घ्यावे, मंडळ त्यांच्या पाठीशी राहील.

पाचवी आणि शेवटची मागणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ विषयी आहे. त्यान्वये ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी घालण्याचा अधिकार शासनाला आहे. ही बंदी कागदावर असते, पण पर्यायी मार्ग कोणता हे चौकात कुठेच लिहिलेले नसते. "इकडून जाऊ नका" एवढेच न सांगता "तिकडून जा" हेही सांगावे.

हे सारे दुसऱ्यांना सांगताना आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. गणेशोत्सवात आपल्या मंडळांच्या मूर्ती कारखान्यातून मांडवापर्यंत येतात, मग विसर्जनाला जातात. नऊ फुटांची मूर्ती, साडेतीन फुटांची ट्रॉली, वर दोन फुटांची छत्री. बेरीज साडेचौदा फूट झाली, म्हणजे ४.४ मीटर. नियमातल्या ट्रकपेक्षा ही मिरवणूक उंच आहे. वर्गणीच्या पावतीवर आणि कार्यक्रमपत्रिकेवर मूर्तीची उंची अभिमानाने छापतात, एकूण उंची मात्र कोणी काढत नाही. मग वाटेत विजेच्या तारा येतात आणि उत्साही कार्यकर्ते बांबूने त्या वर उचलतात. ओला बांबू, लोखंडी ट्रॉली आणि वर बसलेली पोरे. यात काय होऊ शकते ते सांगायला नको. रेल्वेच्या विद्युत तारेत तर पंचवीस हजार व्होल्ट असतात. म्हणून फाटकाच्या दोन्ही बाजूंना साधारण पावणेपाच मीटरवर कमान असते. ती कमान आपल्या देवाच्या आड येत नाही, आपल्या मुलांच्या जिवासाठी ती तिथे आहे.

पुण्यात २०२१ साली लकडी पुलावरून जाणाऱ्या मेट्रोच्या कामाला गणेश मंडळांनी हरकत घेतली होती, कारण विसर्जन मिरवणुकीतले रथ त्याखालून जाणार नाहीत अशी भीती होती. तो वाद बराच गाजला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या मार्गावर मेट्रो धावू लागली आणि मिरवणुकाही चालू आहेत. परंपरा आणि पूल यांचे भांडण लावायचे कारण नाही. वरचा भाग खाली घेता येईल असे रथ आता सर्रास बनतात. मोजमाप आधी केले तर दोन्ही निभतात, ऐनवेळी केले तर दोन्ही अडतात.

म्हणून आमची सर्व गणेश मंडळांना विनंती आहे की, येत्या उत्सवाआधी आगमन आणि विसर्जनाचा मार्ग एकदा टेप आणि वही घेऊन पायी फिरून यावा. प्रत्येक कमान, तार, फांदी आणि गरनाळे यांची उंची लिहावी, आणि मूर्तिकाराला ऑर्डर देताना तो कागद समोर ठेवावा. चार माणसांचे एका सकाळचे काम आहे. आपण स्वतः हे केले, तर महानगरपालिकेत आणि रेल्वेच्या कार्यालयात "तुम्ही मोजले का?" हे विचारायचा आपला हक्क बळकट होईल.

सयाजीराव महाराजांच्या या नगरीत आपल्या पूर्वजांनी कचेऱ्यांत, शाळांत आणि रेल्वेत कामे केली, ती मोजून मापून केली. नगरसेवक आणि उमेदवार आपल्या दारी येतीलच. रस्ता, पाणी, दिवे यांबरोबर त्यांना एक साधा प्रश्न विचारावा. आमच्या गरनाळ्याची उंची शेवटची कधी मोजली? ज्याला उत्तर देता येणार नाही त्याला पुढच्या वेळी उत्तर घेऊन यायला सांगावे, आणि तो खरोखर घेऊन येतो की नाही हे सर्वांनी मिळून पाहावे.